सरांची निरगाठ

सर गेले. हे वाक्य मला अजून कुणाला धड सांगता आलेलं नाही.

ते हायस्कूलला इंग्रजी शिकवायचे. मीही त्यांची विद्यार्थिनी. साहित्याची पदवी घेऊन परत आले तेव्हा आमची मैत्री झाली. ‘या पदवीधर, चहा घ्या,’ असं चारचौघांत म्हणून मला लाजवायचे.

मुलं त्यांना गाठीसर म्हणत. उन्हाळ्याच्या सुट्टीआधी ते वर्गातल्या प्रत्येकाला एकाच इंग्रजी कादंबरीची प्रत द्यायचे, पण शेवटचं प्रकरण बंद करून. दाभणानं पानांच्या कडेला भोक पाडायचं, दोरा ओवायचा, गाठ मारायची. सुट्टीत गाठीपर्यंत वाचायचं. शाळा उघडली की पहिल्या तासाला सगळ्यांनी एकदम गाठी सोडायच्या आणि शेवट सर मोठ्यानं वाचणार. ‘शेवट एकट्यानं वाचायचा नसतो,’ म्हणायचे.

ग्रंथपाल बाई वैतागायच्या. ‘पुस्तकांचे कान टोचत बसता! सोनार व्हायचं सोडून मास्तर कशाला झालात?’

आम्ही चोरून बघायचोच. बांधलेली पानं वाकवून दुर्बिणीसारखा आत डोळा लावायचा.

‘काय दिसलं?’ सरांनी एकदा आमच्यातल्या एकाला विचारलं.

‘शेवटचा शब्द, सर. अँड.’

‘गाढवा, अँडवर कुठली गोष्ट संपते का?’

माझ्या थोरल्या भावाच्या वेळी निरगाठ असायची, नखं तुटली तरी न सुटणारी. माझ्या वेळी तिची सुरगाठ झाली होती. टोक ओढलं की सुटली. पुस्तक हातात देताना सर म्हणायचे, ‘अगदीच राहवलं नाही तर सोडा. मी रागावणार नाही.’ भाऊ चिडवायचा, ‘तुमच्या वेळेला सर मऊ पडले.’ आम्हालाही तसंच वाटायचं. वय झालं, दुसरं काय.

यंदाचा वर्ग त्यांचा निवृत्तीआधीचा शेवटचा होता. या वेळी ग्रंथपाल बाईंनी सुचवलेली, स्वतःही न वाचलेली कादंबरी त्यांनी घेतली. एक विधवा बाई, मोठं घर. विकावं की राहावं, हे तिचं ठरत नाही. स्वतःच्या प्रतीलाही त्यांनी दोरा बांधला. ‘आजवर शेवट मला ठाऊक असायचा. या वेळी पोरांबरोबर मीही थांबणार.’ लहान मुलासारखे खूश होते.

सुट्टी लागली आणि ते आजारी पडले. आधी नुसती पोटदुखी. मग दवाखाना. मग डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. त्याचा अर्थ काकूंना, सरांच्या पत्नीला, कळला होता. सरांनाही. त्यांना अक्षर लागेना, म्हणून मी दुपारी जाऊन वाचून दाखवू लागले. खिडकीशी पलंग, स्टुलावर औषधं, पंख्याची कुरकुर. डोळे मिटून ऐकायचे आणि मध्येच माझा उच्चार सुधारायचे.

एका दुपारी गाठ आली. घर घ्यायला आलेला माणूस दार वाजवतो. बाई जिन्यात थबकते. तिथेच, अर्ध्या वाक्यात पान संपलं.

‘सर, सोडते,’ मी म्हटलं.

‘नको.’

काकू दारातून म्हणाल्या, ‘अहो, कसला हट्ट? ऐकून घ्या ना.’

‘शाळा उघडू दे.’

‘शाळा कुठं पळून चाललीय?’ काकू बोलून गेल्या आणि लगेच आत वळल्या.

मी पुस्तक मिटून त्यांच्या उशाशी ठेवलं.

शाळा उघडायच्या आदल्या आठवड्यात सर गेले.

माणसं येऊन गेली. घर शांत झालं. काकूंनी ते पुस्तक माझ्या हातात दिलं. ‘वर्गात तूच वाच.’ तेव्हा कुठे मी दोरा नीट पाहिला.

‘काकू, ही निरगाठ आहे.’

‘हो.’ मग त्यांनी सांगितलं.

पूर्वी सरांच्या वर्गातली एक मुलगी सुट्टीत दवाखान्यात होती. तिचे वडील सायकलवरून सरांच्या घरी आले. सर अंगणातला नळ दुरुस्त करत होते. ‘सर, पोरगी विचारतेय, गाठ सोडू का?’ सर हसून म्हणाले, ‘तिला म्हणावं, आधी बरी हो. वर्गात माझ्या हातानं सोडतो.’

‘प्रेमानंच म्हणाले गं,’ काकू म्हणाल्या. ‘तिला उमेद यावी म्हणून.’

मुलगी शाळेत आली नाही. वडिलांनी पुस्तक तेवढं परत आणून दिलं. गाठ तशीच होती.

‘तेव्हापासून पोरांना सुरगाठ,’ काकू म्हणाल्या. ‘आणि आता स्वतःला ही.’

मुख्याध्यापिकांनी मला पहिला तास दिला. मुलं पुस्तकं घेऊन बसली होती. बऱ्याच जणांच्या गाठी तशाच होत्या. पहिल्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. ‘मी सोडली होती. राहवलं नाही. पण परत बांधली.’

‘बावळट, तुझी गाठ उलट्या बाजूला आहे,’ शेजारीण कुजबुजली. हसू आलं सगळ्यांना, आणि लगेच विरलं.

मी सरांची प्रत काढली. गाठ नखांनी सुटेना. मुलं बघत होती. सुरगाठ असती, तर सुट्टीच्या सुरुवातीलाच एखाद्या दुपारी, काकू स्वयंपाकघरात असताना, सरांचा हात तिच्याकडे गेला असता. एक टोक ओढलं की झालं. हे त्यांना माहीत होतं. म्हणूनच त्यांनी ती तशी बांधली.

कुणीतरी मागून कात्री पुढे केली. मी दोरा कापला आणि शेवट वाचला. सरांसारखा नाही जमला. दोनदा थांबावं लागलं.

वाचून झालं. मग मागच्या बाकावरून प्रश्न आला, ‘मॅडम, सरांना आवडला असता का हा शेवट?’

‘माहीत नाही,’ मी म्हटलं.

खरंच माहीत नाही.