टाळीचं वाक्य

मला भाजी आणायला जातानाही इस्त्रीचा शर्ट लागतो. पूर्ण बाह्यांचा, कॉलर ताठ. बायको म्हणते, "अहो, मेथीची जुडी काही तुम्हाला बघायला येत नाहीये." तिचं बरोबर आहे, पण खोड जुनी आहे. खडकीच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात मी कारकून होतो. संध्याकाळी भोंगा झाला की घरी यायचो, पांढरा शर्ट चढवायचो आणि सायकलवर टांग टाकून पेठेत नाटकाच्या तालमीला जायचो. तो शर्ट अंगावर असेपर्यंत मी कारकून नसायचो. कॅम्पातले एक म्हातारे चाचा माझे सगळे शर्ट शिवायचे. माप घेताना दर वेळी विचारायचे, "पोट आत ओढून माप देताय साहेब, मग श्वास कुठे घेणार?"

नट म्हणून माझी हयात बाप होण्यात गेली. तिशीत केसांना पांढरा रंग फासून मला पहिल्यांदा बाप केलं, आणि पुढे कुणाला मला तरुण करावंसं वाटलं नाही. नायकाला टाळ्या मिळतात त्या दिसण्याला, बापाला मिळतात त्या वाक्याला. आमच्यात त्याला टाळीचं वाक्य म्हणतात. ते टाकायचं आणि थांबायचं. किती थांबायचं, हे ज्याला कळतं तो नट. मला कळत होतं. हे मी नम्रपणे वगैरे सांगत नाही, छाती काढून सांगतो.

पाठांतर मात्र माझं कच्चं. म्हणून घरात एक शिरस्ता पडला होता. मी रविवारी आठवड्याच्या शर्टांना इस्त्री करत माझी वाक्यं म्हणायचो आणि मुलगी नाटकाची वही धरून समोर बसायची. माझी सोडून बाकी सगळ्यांची वाक्यं ती वाचायची. सासू, डॉक्टर, सावकार, सगळे एकाच आवाजात. असेल तेव्हा नऊ-दहा वर्षांची. मी कुठे अडखळलो की वही खाली न ठेवता सांगायची, "बाबा, एक ओळ खाल्लीत." रजा काढून केलेल्या नाटकाच्या दौऱ्यांपायी मी तिच्या शाळेच्या एकाही स्नेहसंमेलनाला गेलो नाही. ती वही हाच आमचा बाप-लेकीचा सहवास. तेव्हा मला तो पुरेसा वाटत होता, आता त्याची लाज वाटते.

त्या काळातलं एक नाटक फार चाललं. त्यात लग्न झालेली मुलगी नवऱ्याचं घर सोडून बापाकडे येते. बाप तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणतो, "पोरी, या घराचं दार तुला कधीच बंद नाही." इथे टाळ्या. त्या ओसरल्या की पुढचं वाक्य, "पण माहेरचं दार उघडं आहे म्हणून आपलं घर सोडायचं नसतं." मग मुलगी डोळे पुसते, "तुमच्या शब्दाबाहेर नाही मी, बाबा," असं म्हणते आणि परत जाते. प्रेक्षकांतल्या बायका पदर डोळ्यांना लावायच्या. परत गेलेल्या त्या मुलीचं पुढे काय झालं, ते लेखकाने लिहिलं नव्हतं आणि मलाही कधी विचारावंसं वाटलं नाही.

खरी प्रसिद्धी आली ती पन्नाशीनंतर, मालिकेमुळे. तिथेही बापच, पण आता रोज संध्याकाळी घरोघरी जाणारा. समजूतदार, शांत, लेकीच्या मनातलं न सांगता ओळखणारा. रस्त्यावर लोक पाया पडायला लागले. मी आधी संकोचायचो, नंतर पाय जरा पुढे करायला लागलो. एकदा खडकी बाजारात एका बाईंनी माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाल्या, "तुमच्यासारखे वडील प्रत्येक मुलीला मिळायला हवेत हो!" मी मान तुकवून आभार मानले. मुलगी शेजारी बटाट्यांची पिशवी घेऊन उभी होती. त्या गेल्यावर म्हणाली, "मीपण रांगेत आहे, असं सांगणार होते त्यांना." मी विनोद समजून हसलो.

लग्न होऊन ती वाघोलीला गेली. जावई दिसायला-बोलायला चांगला होता. वाईट माणसं वाईट दिसत नाहीत, हे तोंडाला रंग लावून पोट भरणाऱ्याला तरी कळायला हवं होतं. फोनवर ती "बरं चाललंय" म्हणायची. मीही तेवढ्यावर फोन बायकोकडे द्यायचो.

आणि एका रविवारी दुपारी ती दोन बॅगा घेऊन दारात उभी राहिली.

"बाबा, मी आले," ती म्हणाली. "तीन वर्षं करून बघितलं. आता परत जाणार नाही."

बॅगा तिने दाराच्या आत टेकवल्या, चपला मात्र पायातच होत्या. मला वाईट वाटलं, खूप वाटलं. पण लिहायलाच बसलोय तर खरं लिहितो. वाईट वाटायच्या आधी मला लोक आठवले. सोसायटीतले, बाजारातले, पाया पडणारे. साऱ्या महाराष्ट्राच्या लेकींची समजूत घालणारा हा बाप, आणि याचीच लेक घरी! मी पुढे झालो, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "पोरी, या घराचं दार तुला कधीच बंद नाही."

आणि थांबलो.

देवाशपथ सांगतो, ठरवून नाही. ते शब्द माझेच आहेत, मनापासून आलेत, असंच मला वाटत होतं. तिला मी घरात कधी "पोरी" म्हटलेलं नाही, हेसुद्धा मला खटकलं नाही.

"टाळ्या इथे पडायच्या ना, बाबा?" ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. राग परवडला असता. "आता पुढचं म्हणा. म्हणजे मी माझं वाक्य म्हणते आणि निघते. मला पाठ आहे ते."

बायको स्वयंपाकघराच्या दारात आली होती. माझ्या कुठल्याच प्रयोगाचं तिने तोंडावर कधी कौतुक केलं नाही. "अहो," ती म्हणाली, "आता काहीतरी तुमचं बोला."

मी तोंड उघडलं. काही येईना. एवढी वर्षं बोलून पोट भरलं, त्यातलं एकही वाक्य माझं नव्हतं. अडलो की सांगणारी जी होती, तीच समोर उभी होती आणि ती काही सांगणार नव्हती. शेवटी म्हणालो, "मला भीती वाटली गं. लोक काय म्हणतील, याची. तुझ्याआधी लोक आठवले मला."

"माहितीये," ती म्हणाली. तिने चपला काढल्या नाहीत. तिचा एक हात बॅगेच्या पट्ट्यावर होता.

तेवढ्यात बेल वाजली. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी. वर्धापनदिनाला प्रमुख पाहुणे म्हणून आपणच यायचं, कुटुंबसंस्थेवर दोन शब्द बोलायचे, असं आमंत्रण घेऊन आले होते. बोलता बोलता त्यांची नजर बॅगांवर गेली. "वा वा, माहेरपण वाटतं! किती दिवस मुक्काम?"

उत्तर माझ्या ओठांवर तयार होतं. 'आहे आठ-पंधरा दिवस.' सहज निभावलं असतं, कुणाला शंकासुद्धा आली नसती. मुलगी माझ्याकडे बघत नव्हती. तिने बॅगेचा पट्टा घट्ट धरला होता, आणि मला कळलं की मी 'आठ-पंधरा दिवस' म्हटलं तर ती सेक्रेटरींच्या पाठोपाठ जिना उतरेल.

"माहेरपण नाही," मी म्हणालो. आवाज चिरकला, निम्मे शब्द घशातच राहिले. तालमीत कुणी असं बोललं असतं तर मीच त्याला झापलं असतं. मी घसा खाकरला आणि पुन्हा बोललो. "ती नवऱ्याचं घर सोडून आलीये. परत जाणार नाही. इथेच राहणार, आमच्याजवळ. चार लोकांना सांगायचं असेल तर सांगा, मीही सांगणारच आहे."

सेक्रेटरी "बरं, बरं" म्हणाले, आमंत्रणाचा कागद तसाच हातात घेऊन गेले. मी दार लावलं. बॅगा उचलायला वाकलो तर मुलगी म्हणाली, "राहू द्या, जड आहेत." तिने चपला काढून कोपऱ्यात ठेवल्या, बॅगा स्वतःच आत नेल्या, आणि आतून रडण्याचा आवाज आला. मोठ्याने, हुंदके देत. बायको धावली.

मी बाहेरच उभा होतो. तिला रडताना मी पहिल्यांदाच ऐकत होतो. लहानपणी रडली असेल तेव्हा मी दौऱ्यावर असायचो. आत जाऊन काय म्हणायचं ते मला माहीत नव्हतं. तसाच आत गेलो.