उणे एकच

आईवर मी लिहिलेला लेख संपादकांनी एकदा नजर टाकायला नंदाला दिला. नंदाही माझ्यासारखीच मासिकांत लिहिणारी. मग संपादकांचा फोन आला, "नंदाताईंचा हात फिरला आणि लेख उजळला बघा!" माझ्या अंगाचा तिळपापड झाला. नंदाने माझ्या आईला कधी पाहिलंही नव्हतं.

मुलीला म्हटलं, "तिने काय काय घुसडलंय, ते शोधून दे."

तिने लॅपटॉपवर काळी खिडकी उघडली. "फरक दाखवणारी आज्ञा, 'डिफ -यू' लिहायचं, पुढे दोन्ही फायलींची नावं. काढलेल्या ओळीपुढे उणे दिसेल, घातलेल्या ओळीपुढे अधिक."

अधिक कुठेच नव्हतं. उणे एकच होतं. रिक्षा वळेपर्यंत आई दारातून हात हलवत राहायची, या वाक्यानंतर मी लिहिलं होतं, 'अशी होती माझी प्रेमळ माउली.' तेवढी ओळ नंदाने काढली होती.

भर घालणाऱ्याचा हेवा सोसता येतो. उद्या आपणही घालू, असं वाटतं. पण कुठे थांबायचं हे जिला कळतं, तिचं काय करायचं?

"आई, मग कुणाचा लेख चांगला?" मुलीने विचारलं.

"तिचा," मी म्हटलं, आणि तेवढ्या एका शब्दाने तोंड कडू झालं.