पिवळा दिवा विझायच्या आधी

मी देवीचा भक्त म्हणवून घेतो, पण हा प्रसंग सांगताना मान वर होत नाही. नव्वदच्या दशकातला एक हिवाळा. दिंडोरीजवळच्या आमच्या मळ्यात पहाटे द्राक्षाच्या पानांवरचं दव गोठत होतं. बाग वाचावी म्हणून आमचा गडी हिरामण ओळींमधून शेकोट्या पेटवून धूर करायचा. तो पेठकडचा, बायको जनीसह बागेतच झोपडी करून राहायचा. त्या मंगळवारी मी आणि माझी बायको जीपने वणीच्या गडावर निघालो होतो. जीप आदल्या दिवशी धुतलेली, देवीच्या ओटीची साडी मागच्या सीटवर ठेवलेली.

सात वाजता हिरामण धावत आला. हात राखेने काळे झालेले. "भाऊ, जनी लय अडलीय. सुईण म्हणती, दवाखान्यात न्या. गाडी काढा ना."

माझ्या मनात पहिला विचार आला तो विटाळाचा. गाडीतच बाळंत झाली तर देवीला कसं जायचं? तोंडावर नाही म्हणवेना, म्हणून थंडीच्या आड लपलो. "काढतो रे, पण या गारठ्यात सुरू तर व्हायला पाहिजे," म्हणालो. डिझेलच्या गाडीला थंडीत किल्ली अर्धी फिरवून थांबावं लागतं. आतला हीटर तापला की समोरचा पिवळा दिवा विझतो, मगच स्टार्टर मारायचा. मी मुद्दाम थांबलो नाही. इंजिन नुसतं घरघरलं, पांढरा धूर निघाला. दोनदा तेच केलं. समोर देवीचा फोटो होता, त्याच्याकडे बघायचं टाळलं.

हिरामण झोपडीकडे पळाला आणि वाफाळत्या पाण्याचं पातेलं घेऊन आला. सुईणीने जनीसाठीच तापवलेलं पाणी ते. त्याने ते इंजिनावर ओतलं, फोटोला हात जोडले. "आई, भाऊंच्या हाताला यश दे." तरीही, सांगायला लाज वाटते, तिसऱ्यांदाही मी दिवा विझायच्या आधीच किल्ली फिरवली. आणि गाडी सुरू झाली.

दवाखान्याच्या फाटकात, मागच्या सीटवरच जनी बाळंत झाली. मुलगी. माझ्या बायकोने क्षणभरही विचार न करता ओटीच्या साडीत तिला गुंडाळलं. मी स्टीअरिंगवर डोकं टेकवून रडलो. हिरामण मात्र भाऊंनी कशी हिकमतीने गाडी काढली, हे वस्तीभर सांगत फिरला. ते ऐकून मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

दोन वर्षांनी, असल्याच एका गार सकाळी, मी त्याला जीप चालवायला शिकवत होतो. "आधी पिवळा दिवा विझू द्यायचा," बोलून गेलो आणि जीभ अडखळली.

त्याने किल्लीवरचा हात काढला. "त्या दिवशी तुम्ही थांबला नव्हता, भाऊ."

"नव्हतो. मुद्दाम."

त्याने समोरच्या देवीच्या फोटोकडे बघितलं. "मंग आईनंच चालू केली म्हणायची," एवढंच बोलला. किल्ली अर्धी फिरवून दिवा विझायची वाट बघत बसला.

मेकॅनिक म्हणतो, गरम पाण्यामुळे झालं असेल. असेलही. मी आता गडावर जातो तेव्हा काही मागत नाही. पायरीवर डोकं टेकवतो आणि म्हणतो, आई, तेव्हा ऐकलं नाहीस तसंच पुढेही माझं ऐकू नकोस.