मादलोमो खडकापाशी थांबत नाही

माझी वहिनी मादलोमो हातभर लांब दांडीचा पाइप ओढायची. दक्षिण आफ्रिकेतल्या आमच्या म्बाशे नदीकाठी नातवंडं झालेल्या बाईला तो मान असतो, आणि वहिनीनं मान कधी वाया जाऊ दिला नाही. सकाळी गुरं उठायच्या आधी तिचा धूर उठायचा.

साठी उलटली आणि नदीवरून पाणी घेऊन चढताना तिची उजवी पोटरी आवळायला लागली. कोरफडीच्या खडकापाशी जरा उभी राहिली की दुखणं जाई, चालू लागली की पुन्हा येई. थोरली शेजारीण नोफेझिले म्हणाली, "वाटेवर कुणीतरी करणीचं औषध पुरलंय. तू ते ओलांडलंस."

आमच्याकडे पाय दुखला की हेच सुचतं. मलाही सुचलं. वहिनीनं महिनाभर गोठ्यामागून लांबचा फेरा घातला. मग एक दिवस काठी आपटून म्हणाली, "भावजी, या वाटेवरही दोनशे पावलांवरच दुखतं. करणीवाला काय माझ्यामागं पावलं मोजत फिरतोय?"

आणि तडक दवाखान्यात. नर्सबाईंना तिच्या पावलावरची नाडी लागेना. दंडाला आणि घोट्याला पट्टा बांधून त्यांनी दाब पाहिला, तर घोट्याचा दंडाच्या निम्माच.

"आजी, पायाकडं रक्त नेणाऱ्या वाहिन्या आतून अरुंद झाल्यात. पाइप सोडा, गोळ्या रोज घ्या. आणि दुखेपर्यंत चाला, थांबा, पुन्हा चाला. पायाला जखम होऊ देऊ नका, नाहीतर एखाद दिवशी पाय कापायची पाळी येईल."

"माझ्याआधी माझा पाय पुरू देणार नाही मी," वहिनी म्हणाली.

पुढं बिअरच्या बैठकीत नोफेझिलेनं तंबाखूची पिशवी पुढं केली. "दुखऱ्या पायानं कशाला फिरतेस गं? बस, ओढ जरा."

थोरलीच्या हातची तंबाखू नाकारत नाहीत. वहिनीनं सगळ्यांदेखत नाकारली. "पाइप नवऱ्याच्या थडग्यावर ठेवलाय. ओढू दे त्याला. त्याला आता पोटऱ्या नाहीत."

बायका आठवडाभर तिच्याशी बोलल्या नाहीत. ही जाड बूट घालून रोज निघायची. दुखलं की उभी, कुणी हसलं की आणखी शंभर पावलं.

चौथ्या महिन्यात मी खडकावर पाइप ओढत बसलो होतो. डोक्यावर बादली घेऊन वहिनी वर आली. मी सरकून जागा केली. "बसा, वहिनी."

ती थांबली नाही. चढावरून आवाज आला, "तुम्हीच बसा, भावजी. पोटरी आवळली की सांगा, दवाखाना दाखवते."

खरं सांगायचं तर आवळली होती, म्हणूनच बसलो होतो. पाइप विझवला आणि तिच्यामागं निघालो.