धुतलेल्या दगडांचं प्रकरण

माझी शाळा चौथीला संपली, कारण पाचवी नदीच्या पलीकडे होती. पावसाळ्यात नदी आडवी यायची आणि उन्हाळ्यात गुरं. मधल्या उरलेल्या दिवसांत कधी गेलोच, तर मास्तर मला रोज नव्यानं विचारायचे, "तू कोणाचा रे?" शेवटी मीच जायचं सोडलं. पुढं विशीला आलो, तेव्हा जुन्नरकडच्या आमच्या डोंगरातून निघून, मनमाडला गाडी बदलून, निजामाच्या मुलखात परभणीला उतरलो. मामेभाऊ तिथं सरकीच्या कारखान्यात होता, त्याच्या भरवशावर. कारखान्याच्या फाटकावर कळलं, की भाऊ महिन्यापूर्वीच नांदेडकडे गेला.

फाटकाबाहेर एका दगडावर बसून मी रडण्याच्या बेतात होतो. शेजारी एक पांढऱ्या दाढीचे मुसलमान मिस्त्री भाकरी खात होते. त्यांनी काही न विचारता अर्धी भाकरी आणि अंबाडीची भाजी माझ्या हातावर ठेवली. खाऊन झाल्यावर म्हणाले, "वास सहन होता क्या रे?"

मला वाटलं भाजीबद्दल विचारतात. म्हटलं, "होतो की. चांगली आहे."

अशी माझी भरती झाली.

मिस्त्रींना सगळे चाचा म्हणत, मीही म्हणू लागलो. गावाबाहेर, जिथं साऱ्या मोऱ्यांचं पाणी उतरतं, तिथं सरकारनं नमुन्यादाखल एक लहानसं काम बांधलं होतं आणि चाचा त्याचे मुख्य होते. काम म्हणजे काय, ते सांगतो. मोरीचं पाणी आधी लोखंडी गजांच्या जाळीतून यायचं. चिंध्या, पत्रावळी, एकदा तर एक अख्खा जोडा, असलं सगळं तिथं अडायचं आणि ते दाताळ्यानं ओढून काढायचं. मग पाणी निवळणीच्या हौदात, गाळ खाली बसायला. तिथून पत्र्याच्या भोकाभोकांच्या पन्हळींतून ते दगडांवर थेंबथेंब पडायचं. खळ्याएवढा गोल, कमरेइतका खोल असा दगडांचा थर होता. वरून काळंकुट्ट पाणी पडायचं आणि खालून जे निघायचं ते जवळजवळ विहिरीसारखं. ते पाटानं खालच्या मळ्यात जायचं.

मळा करायची पेडगावकडची एक बाई. तिला आम्ही मावशी म्हणायचो. तिची वांगी सबंध बाजारात नावाजलेली होती. ती कुठल्या पाण्यावर वाढतात हे बाजारात कोणी विचारत नसे आणि ती सांगत नसे. मी घरी पाठवलेल्या पत्रातही 'पाणीखात्यात लागलो' एवढंच लिहिलं होतं. आईनं गावभर सांगितलं, आमचा मुलगा निजामाला पाणी पाजतो. आता परत गेलो असतो तर तोंड कुठं लपवायचं, हा प्रश्नच होता.

आणि परत जायची वेळ येण्याची भीती मला रोज होती. कारण मी हंगामी. वर्षातून एकदा मुहतमिम साहेब, म्हणजे या खात्यावरचे मोठे अधिकारी, पाहणीला यायचे. त्यांनी मान हलवली तर मी कायम, नाहीतर मनमाडची गाडी. मुळात स्वभाव घाबरट. हौदाचं पाणी अडवायची फळी लावली की नाही हे बघायला मी तीनदा परत जायचो. चाचा म्हणायचे, "बस कर रे मियाँ. फळी बी शरमाती तेरेकू देखको."

त्या वर्षी चाचांना भाचीच्या लग्नाला पालमला जायचं होतं. चार दिवस. निघताना मला बजावलं, "जाळी ओढ. फळी देख. बाकी किसीकू हाथ नक्को लगा."

ते गेले आणि दुसऱ्याच दिवशी सांगावा आला, मुहतमिम साहेब गुरुवारी येणार.

मी सगळ्या कामाभोवती एक फेरी मारली, साहेबांच्या डोळ्यांनी. जाळी ठीक. हौद ठीक. आणि मग ते दगड. शी! प्रत्येक दगडावर बुळबुळीत, काळसर हिरवी साय. वर बारीक अळ्या वळवळतायत. बोट लावलं तर बोटाला तार सुटली. आमच्याकडे घागरीला आतून एवढीशी बुळबुळ आली तर आई राखेनं घासून, उन्हात पालथी घालून, वर मला दोन शब्द ऐकवायची. इथं तर पाणी स्वच्छ करायचं काम, आणि ज्या दगडांवरून ते पडतं ते असे! साहेब बघतील तर काय म्हणतील? चाचा म्हातारे झाले, त्यांना दिसत नसेल, असं मी मनाशी म्हणालो. म्हाताऱ्या माणसाची अब्रू आपण राखायची, असंही म्हणालो. मी किती चांगला माणूस आहे, या विचारानं गहिवरूनसुद्धा आलो.

मग पन्हळींचं पाणी बंद केलं आणि लागलो कामाला. राख, घासायला नारळाची किशी, विहिरीचं पाणी. राखेनं हटेना तेव्हा कोठीत चुना होता, रंगकामाला आणलेला. चुन्याची निवळी ओतली आणि घासलं. गुडघाभर खोलपर्यंत एकेक दगड काढून धुतला आणि परत रचला, मोठे बाहेर, लहान आत. दोन दिवस. हातांची सालपटं निघाली. उरलेल्या चुन्यानं कडेला पांढरी रेघही मारली. तिसऱ्या दिवशी सकाळी उन्हात ते दगड असे चमकले, की मला वाटलं, इथं आता सत्यनारायण घालावा.

पन्हळी सुरू केल्या. दुपारी मावशी पदर नाकाला लावून वर आली.

"का रं पोरा, काय केलंस? पाट वास मारायलाय. माझ्या वांग्याला नाक लावता येईना!"

"आज पहिलाच दिवस आहे मावशी. जुनी घाण निघत असेल."

"जुनी न्हाई, ताजी हाय ती." तिनं दगडांकडे बघितलं. "आन् हे काय? धुतलास?"

"धुतले," मी अभिमानानं म्हणालो.

मावशीनं पदर परत नाकाला लावला आणि आली तशी खाली निघून गेली.

बुधवारी सकाळी चाचा आले, लग्नाची बुंदी फडक्यात बांधून. दगड पाहिले. फडकं माझ्या हातात दिलं आणि तिथंच खाली बसले. मला वाटलं, चक्कर आली. तर ते हसत होते. हसता हसता खोकला लागला, डोळ्यांतून पाणी आलं.

"अरे, क्या करा रे तू! सारे मजूर मार डाला!"

"कोणते मजूर चाचा? इथं मी एकटाच..."

मग त्यांनी मला समजावलं. हे काम बांधलं त्या इंजिनियरानं त्यांना सांगितलं होतं ते. दगड काही करत नाहीत, दगड म्हणजे नुसती बसायची जागा. पाणी साफ करते ती साय. तिच्यात डोळ्यांना न दिसणारे लाखो जीव असतात, ते पाण्यातली घाण खातात. त्यांना दगडावर वस्ती करायला महिने लागले होते. मी त्यांना राखेनं घासलं आणि चुन्यानं जाळलं.

"आता?" मी विचारलं.

"नीचे थोडे बचे होंगे. वो धीरे धीरे ऊपर आते. अब तू हाथ नक्को लगा. हात बांधके बैठ."

"आणि उद्या साहेब?"

चाचांनी दाढी खाजवली. "साबसे मैं बोलता. तू मुँह नक्को खोल. तेरा मुँह खुला की तू गया."

मी बुंदी खाल्ली. एक दाणाही गोड लागला नाही.

गुरुवारी साहेब आले. काळी शेरवानी, बरोबर एक कारकून, एक पट्टेवाला. हातात अत्तर लावलेला रुमाल, तो फाटकातच नाकाला लागला आणि तिथंच राहिला. जाळी बघितली, हौद बघितला, रुमालाआडून हुं हुं केलं. मग दगडांपाशी आले आणि थांबले. ऊन वर आलं होतं. पांढरी रेघ, गोलावर गोल रचलेले दगड, सगळं चकचकीत.

"माशाअल्लाह!" साहेब म्हणाले. "हे कोणी केलं?"

चाचांनी माझ्याकडे बोट केलं. तेही काय करणार?

"नया आदमी? हंगामी?" साहेबांनी कारकुनाकडे वळून सांगितलं, "लिखो. कायम."

कारकुनानं दौत उघडली, टाक बुडवला. माझे पाय हलके झाले. 'कायम.' आईला पत्र लिहायचं, मामाला लिहायचं, नांदेडला गेलेल्या त्या भावाला तर आवर्जून लिहायचं. चाचा आभाळाकडे बघत होते, तिथं काही नसताना.

एवढ्यावर साहेब गेले असते तर ही गोष्ट मी कोणाला सांगितलीच नसती. पण ते जाता जाता वळले. "और लिखो," म्हणाले, "अशी कामं आणखी जिथं जिथं आहेत, तिथं हुकूम काढा. सर्व दगड असेच धुऊन, चुना लावून ठेवावेत."

माझ्या डोळ्यांपुढं ती सगळी गावं आली. प्रत्येक गावी माझ्यासारखा एक घाबरट हंगामी, हातात नारळाची किशी. प्रत्येक पाटाखाली एक मावशी, पदर नाकाला. मी चाचांकडे बघितलं. त्यांनी डोळ्यांनीच दटावलं: चुप.

आणि माझं तोंड उघडलं. कसं उघडलं ते आजही सांगता येत नाही.

"साहेब, जरा रुमाल काढता का?"

पट्टेवाला दचकला. कारकुनाचा टाक वहीवर टेकला, तिथं शाईचा मोठा ठिपका पडला. साहेबांनी माझ्याकडे एकदा, चाचांकडे एकदा बघितलं, आणि रुमाल खाली घेतला.

एक श्वास. दुसरा घेतला नाही त्यांनी. रुमाल परत वर गेला.

"ये क्या है?"

"मी धुतले म्हणून झालं, साहेब." मग बांध फुटल्यासारखं सगळं बाहेर आलं, अर्धं मराठी, अर्धं मोडकं उर्दू. साय, मजूर, राख, चुना, आईची घागर, सगळं. "चाचा नव्हते साहेब, लग्नाला गेले होते. त्यांनी हात लावू नको म्हटलं होतं. मीच लावला."

साहेब पुन्हा दगडांकडे वळले. मग हळूच म्हणाले, "यानी सफाई जो करती है, वो ये गंदगी है?"

"जी," मी म्हणालो. "पर ये कामवाली गंदगी है, साब."

मागून मावशीचा आवाज आला. ती कधी वर येऊन उभी राहिली होती कोणास ठाऊक. "खरं बोलायलाय त्यो. माझी वांगी सुकायलीत. दगडं घाण होती तवाच चांगली व्हती, साहेब. आता निस्ती देखणी हायेत."

साहेबांच्या रुमालाआड काहीतरी झालं. हसू होतं की खोकला, कळलं नाही. कारकुनाला म्हणाले, "वो हुकूम काट दो." मग माझ्याकडे बघून, "वो दुसरा भी काटो." म्हणजे माझं 'कायम'. "एक महीने बाद आऊंगा. दगड पहिल्यासारखे दिसले तर ठीक."

ते गेल्यावर चाचांनी माझ्या डोक्यात एक टपली मारली. मग तिथंच हात ठेवला, बराच वेळ.

पुढचा महिना मी आयुष्यात कशाची वाट बघितली नाही एवढी बुळबुळीची वाट बघितली. रोज सकाळी उठलं की आधी दगडावर बोट. कोरडं. खरखरीत. मावशी खालून ओरडायची, "पाळण्यातल्या लेकरावानी बघायलास की रं! अंगाई म्हण, लवकर मोठी व्हतील!" मी उकिडवा बसून म्हणायचो, या रे बाबांनो, चुकलं माझं. चाचा म्हणायचे, आता त्यांना नमाज पण शिकव. दोन आठवड्यांनी कडेच्या एका दगडावर बोट जरासं सरकलं. मी इतक्या जोरात ओरडलो, की चाचांना वाटलं साप निघाला. ते धावत आले, त्यांनीही बोट लावलं, आणि आम्ही दोघं त्या एका दगडापाशी, घरात बाळंतीण असावी तसे, हळू आवाजात बोलत उभे राहिलो.

महिन्यानं साहेब आले. या वेळी रुमाल खिशात. दगड पुन्हा काळेहिरवे झाले होते, सगळीकडे नाही, पण बरेच. माझी पांढरी रेघ धुपून गेली होती. साहेबांनी शेरवानीची बाही जरा मागे सारली, वाकून एका दगडावर बोट ठेवलं आणि फिरवलं. बोटाला तार सुटली. चेहरा असा झाला, की मला त्यांची दया आली. पट्टेवाला पाण्याचा लोटा घेऊन धावला. साहेब त्याला थांबवून खालच्या पाटापर्यंत चालत गेले, वाकले, वास घेतला. मावशीनं तिथल्या तिथं दोन वांगी तोडून त्यांच्यापुढं धरली. त्यांनी वांगी घेतली, मग हात धुतले.

कारकुनानं वही उघडली. साहेबांनी सांगितलं ते त्यानं दोनदा विचारून घेतलं, कारण त्याचा विश्वास बसेना. तो शेरा मी पुढं स्वतः वाचायला शिकलो, उर्दूत. चाचांनी शिकवलं, त्या एका ओळीसाठी. माझ्या नावापुढं लिहिलं होतं: 'दगड समाधानकारक घाण आहेत. कायम करावे.'