अप्पांनी कॅन्सल केलेला खून

गेल्या महिन्यात एका शनिवारी सकाळी, अमेरिकेत, मॉरिसव्हिलच्या आमच्या घरात पोहे खाता खाता माझ्या नव्या कादंबरीतला खून कॅन्सल झाला. केला माझ्या सासऱ्यांनी... अप्पांनी.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मी दिवसा सॉफ्टवेअर टेस्टिंग करते आणि पहाटे मराठीत रहस्यकथा लिहिते. माणसं मारायची, पुरावे पेरायचे, मग लेकीचा डबा भरून ऑफिसच्या मीटिंगला बसायचं... ग्लॅमर शून्य.

अप्पा नागपूरचे. ज्युनिअर कॉलेजात भूगोल शिकवायचे. सासूबाई गेल्यावर निखिलने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, त्यांना इकडे आणलं. आता कायमचं इथेच राहायचं असं त्याने ठरवून टाकलं होतं, ग्रीन कार्डसाठी वकिलाशी बोलणंही झालं होतं. अप्पा हो म्हणाले नव्हते... नाहीही म्हणाले नव्हते.

रोज तळ्याकाठच्या ट्रेलवर एक चक्कर मारायची, बदकं बघून परत यायचं, एवढाच त्यांचा दिनक्रम. एकदा म्हणाले, काहीतरी वाचायला दे. मी अर्धी झालेली कादंबरी प्रिंट करून दिली.

गोष्ट अशी, की नागपुरात फ्लॅटमध्ये एकटे राहणारे एक निवृत्त पोस्टमास्तर. मुलगा परदेशात. त्यांचा खून होतो आणि तिसऱ्या दिवशी, वास यायला लागल्यावर, शेजाऱ्यांना कळतं. तोवर खून नेमका कधी झाला हे सांगणं अवघड झालेलं असतं, आणि खून करणाऱ्या पुतण्याचा बनाव त्यावरच उभा.

त्या शनिवारी अप्पांनी कागद माझ्यासमोर ठेवले.

"हा माणूस तीन दिवस पडून राहीलच कसा?"

"एकटेच राहतात ना ते, अप्पा."

"फ्लॅटमध्ये एकटा आहे. नागपुरात एकटा थोडीच आहे?"

मग वर्गात नकाशा समजावून सांगावा तितक्या शांतपणे त्यांनी माझं कथानक मोडीत काढलं. नागपुरात एकदा त्यांना ताप होता म्हणून सकाळी दारातली दुधाची पिशवी उचलली नव्हती, तर खालच्या मजल्यावरच्या साठे वहिनी लगेच दार ठोकायला हजर. बागेतल्या बाकावर एक दिवस दिसलं नाही, की संध्याकाळी सगळी मंडळी घरी. "तुझा खुनी जिना उतरेपर्यंत वहिनी उपमा घेऊन वर येऊन राहिल्या असतील," म्हणाले.

मी हसले, पण अख्खं पुस्तक त्या तीन दिवसांवर उभं होतं. पुण्याहून संपादक बाई सारख्या विचारत होत्या, कुठवर आलंय...

"मग काय करू आता?"

अप्पांनी खिडकीबाहेर पाहिलं. सगळ्या गॅरेजची दारं बंद, फुटपाथवर चिटपाखरू नाही.

"त्याला इथे आणून ठेव. मुलगा-सून कुठे गावाला गेले असं दाखव. लॉन वाढलं म्हणून सोसायटीची नोटीस येईल, तेव्हा कळेल कोणाला तरी."

आणि ते परत पोहे खायला लागले.

त्यात टोमणा नव्हता, तक्रारही नव्हती. सुनेची अडचण सोडवत होते ते. मी मात्र माझी बशी बाजूला सारली.

"अप्पा, तुम्हाला परत जायचंय का?"

त्यांनी चमचा खाली ठेवला. "निखिलला वाईट वाटेल," एवढंच म्हणाले.

मी निखिलला सांगितलं, आणि त्याला वाईट वाटलंच. आईच्या वेळी तो वेळेत पोचू शकला नव्हता, ते पुन्हा घडू द्यायचं नव्हतं त्याला. त्याचंही चूक नव्हतं... मी वाद घातला नाही. फक्त म्हटलं, एकदा साठे वहिनींना फोन कर.

त्याने स्पीकरवर लावला. तो काही विचारायच्या आतच त्या म्हणाल्या, "कधी येऊन राहिले रे अप्पा? गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालते मी रोज. गवती चहाचं तर जंगल झालं बघ." आणि मग, आवाज जरा खाली आणून, "तुला काळजी वाटत असेल बाळा. पण आम्ही आहोत ना इथे."

फोन ठेवून निखिल मागच्या पॅटिओवर जाऊन बसला. थोड्या वेळाने अप्पा जाऊन त्याच्या शेजारच्या खुर्चीत बसले. काय बोलणं झालं मला माहीत नाही, मी विचारलंही नाही. आत आल्यावर निखिलने लॅपटॉप उघडला आणि तिकिटं बघायला लागला.

गेल्या आठवड्यात त्यांना रॅलेच्या एअरपोर्टवर सोडून आलो. सिक्युरिटीच्या पलीकडे गेल्यावर त्यांनी वळून हात हलवला. ते दिसेनासे झाले तरी निखिल तिथेच उभा होता. मी त्याला घाई केली नाही.

काल व्हिडिओ कॉल केला, तर मागे हॉलमध्ये माणसंच माणसं. अप्पांना आमच्याशी बोलायला धड वेळच नव्हता.

कादंबरी मी पहिल्या पानापासून लिहायला घेतलीय. पोस्टमास्तर आता इथे, नॉर्थ कॅरोलायनात, मुलाकडे राहतात. संपादक बाई वैतागल्यात, पण थांबतील.

मागे राहिलेल्या माणसांची आपण इथून खूप काळजी करतो, आणि ती खरी असते. पण ती करता करता मनातल्या मनात त्यांना आहेत त्याहून फार एकटं करून टाकतो... मी तर पानंच्या पानं लिहून तसं केलं होतं. ते वेळेत दाखवून दिल्याबद्दल, अप्पा, थँक्यू. समोर म्हणायला जमलं नाही, म्हणून इथे.