दादांनी आवळलेलं बूच

आमच्या घरात नळ बंद होत नाही, आवळला जातो. आवळणारे एकच, माझे वडील, म्हणजे दादा. टँकरमागे घागरी घेऊन पळण्यात ज्यांचं लहानपण गेलं त्यांना गळता थेंब बघवत नाही, हे मी समजू शकते. पण माणसाने लोणच्याची बरणी, तेलाचा डबा, औषधाची बाटली, सगळंच त्याच जोरात आवळावं? दादा आवळतात आणि आई उघडते. लग्न झाल्यापासून दोघांचा हाच कार्यक्रम चालू आहे. सासरी गेल्यावर मी पहिल्यांदा नळ उघडला तो दोन बोटांत उघडला, तेव्हा मला वाटलं मोडलाच.

परळीतली नोकरी संपवून दादा धरणाकाठच्या आमच्या गावी राहायला आले आणि त्यांनी बोट घेतली. बीड जिल्ह्यातल्या माणसाने बोट घेतल्यावर लोक हसणार नाहीत तर काय करणार? "आन् पाणी आटल्यावर हिला बैल जुपायचे का?" असं पारावर विचारून झालं. दादांनी लक्ष दिलं नाही. कोकणातून त्यांनी एक जुनं इंजिनही आणलं, बोटीच्या मागे अडकवायचं, खाली पंखा असलेलं.

त्यांच्या डोक्यात एकच होतं. पलीकडच्या काठावर माझी मावशी राहते. आमच्या अंगणातून तिच्या गावची झाडं दिसतात, पण रस्त्याने जायचं तर धरणाला वळसा घालून दोन गाड्या बदलाव्या लागतात. मावशीने यंदा नवं घर बांधलं. नव्या घरात पहिलं दूध उतू घालवायचं ते थोरल्या बहिणीनेच, असा आईच्या माहेरचा रिवाज. मुहूर्त दुपारच्या आतला, म्हणून मी आणि माझा नवराही आदल्या रात्रीच आलो होतो. "यष्टी कावून? मी नेतो की बोटीनं," असं म्हणून दादांनी सकाळची एकुलती एक गाडी आईच्या नाकासमोरून जाऊ दिली.

निघण्याआधी इंजिनातलं जुनं तेल बदलायचं होतं. या इंजिनाची रीत उलटी. तळाशी एक बूच असतं. ते काढलं की जुनं तेल गळून जातं, आणि नवं तेलही त्याच भोकातून, पिचकारीने, खालून वर चढवायचं असतं. दादांनी इंजिन काठावरच्या बाभळीला उभं बांधलं, बूच काढलं, तेल काढून टाकलं. नव्या तेलाचा डबा घरीच राहिला होता, तो आणायला निघाले आणि जाताना बूच परत बसवून आवळलं. आत काहीही नव्हतं. गळायला थेंब नव्हता. तरी आवळलं. मी विचारलं तर म्हणाले, "भोक उघडं कसं ठिवावं माणसानं?"

बरं, असे दादा एकटेच असते तरी निभावलं असतं. आमच्याकडे दुसऱ्याच्या शेतातला पाइप दिसला तरी माणूस जाता जाता त्याचा व्हॉल्व्ह आवळून जातो, आणि पुण्य मिळालं समजतो. बोट बघायला जमलेल्या प्रत्येकाने "ढिलं वाटतंय की" म्हणत त्या बुचाला आपापला एक पीळ दिला. दादा डबा घेऊन आले, त्यांनी शेवटचा पीळ दिला आणि बुचाचं डोकं कटकन तुटून हातात आलं. बाकीचं बूच भोकात राहिलं. इंजिन रिकामं, तेल बाहेर, दार बंद.

मी पोट धरून हसले. आई हसली नाही. ती नवी साडी नेसून, आहेराची पिशवी मांडीवर घेऊन एका दगडावर बसली होती.

मग सल्ले सुरू झाले. एकाने रॉकेल सोडायला सांगितलं, दुसऱ्याने नारळ फोडायला. दोन्ही केलं. खोबरं संपलं, बूच तिथंच. वेल्डिंगवाल्याला फोन केला तर तो म्हणाला, लाइट आल्यावर बघू. माझ्या नवऱ्याने मोबाइलवर व्हिडिओ लावला, पण त्यातल्या माणसाकडची हत्यारं बघूनच सगळे हताश झाले. शेवटी नवऱ्याने करवतीच्या पात्याचा तुकडा घासून बुचाच्या उरलेल्या बुंध्यात खाच पाडली. तिच्यात पेचकस बसवून चौघांनी जोर लावला. बूच हललं नाही, बाभळीसकट इंजिन हललं.

इतक्यात मावशीचा फोन आला. "अक्का, दूध चुलीवर ठिवलंय. पेटवत न्हाई. तू ये."

आईचे डोळे भरून आले. ते बघून माझं हसू गेलं आणि दादांचा असा राग आला की डबा पाण्यात फेकावासा वाटला.

आईने मात्र डोळे पुसले आणि पदर खोचला. काठावरच तीन दगडांच्या चुलीवर जमलेल्यांच्या चहासाठी आधण उकळत होतं, ते उचलून तिने बुचाभोवती ओतलं. मग गरम फडकं गुंडाळलं आणि छोट्या दगडाने चहूबाजूंनी टकटक केलं. आमच्या घरी लोणच्याची बरणी अशीच उघडते.

"आता सोडा हळूच," ती दादांना म्हणाली.

दादांनी पेचकस धरला, श्वास रोखला आणि जोरात आवळलं.

"आवो, सोडा म्हनलं न्हवं!"

"सोडतोच हाय की!"

खरंच तसं वाटत होतं त्यांना. आईने पेचकस त्यांच्या हातातून काढून घेतला. "सरका. तुमच्या हाताला हीच एक बाजू ठावं हाय." तिने मनगट उलटं फिरवलं. कुर्र झालं आणि बूच फिरलं.

इंजिनाबरोबर आलेल्या पुडीत एक जादा बूच होतं. तेल भरून झाल्यावर ते आईनेच बसवलं, दोन बोटांनी. दादा बघत होते आणि त्यांची बोटं आपोआप वळत होती. इंजिन अडकवून बोट निघाली तशी दादांनी मान वळवून इंजिनाकडे जी नजर लावली ती पलीकडचा काठ येईपर्यंत काढली नाही. मावशी पाण्यात गुडघाभर येऊन उभी होती. दूध उतू गेलं, मुहूर्तात गेलं. दोघी बहिणी चुलीपुढे एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या आणि मीही रडले.

जेवायच्या आधी दादा हात धुवायला अंगणातल्या नव्या नळावर गेले. आई पाठोपाठ गेली, म्हणून मीही. हात धुऊन झाले. आईने नळ बंद केला तरी एक एक थेंब गळत होता. दादांचा हात वर गेला.

"तिच्या घरचा हाय," आई म्हणाली. "ऱ्हाऊ द्या."

दादांनी नळाकडे बघितलं, आईकडे बघितलं. मग हात खाली घेतला, शेजारचा तांब्या उचलला आणि थेंबाखाली ठेवला.